थिरथिऱ्याला पुण्याची दिशा कळते कशी?

ऑक्टोबर लागला की पुण्याजवळ कवडी पाटच्या बंधाऱ्यावर रविवारी सकाळी दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांची गर्दी व्हायला लागते. थंडीपुरते दुरून येणारे पाहुणे पक्षी, म्हणजे चक्रवाक आले का, धोबी किती दिसले, इवलासा थिरथिरा कुणाच्या कुंपणावर येऊन बसला, याची खबरबात सुरू होते. त्याच सुमारास सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुना मेसेजही नव्याने फिरू लागतो: मोबाइल टॉवरच्या लहरींमुळे पक्ष्यांच्या डोक्यातलं होकायंत्र बिघडतं, म्हणून चिमण्या गेल्या, म्हणून यंदा भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) कमी आले. त्यात गच्चीवर टॉवर बसवू द्यायचा की नाही यावर सभा बोलावलेली असेल, तर मग विचारूच नका.

गंमत अशी की या मेसेजातला सर्वांत अविश्वसनीय भाग खरा आहे आणि चटकन पटणारा भाग चुकीचा. पक्ष्यांना पृथ्वीचं चुंबकत्व जाणवतं, हे साठेक वर्षांच्या प्रयोगांतून पक्कं झालं आहे. माणसाच्या यंत्रांच्या विद्युत गोंगाटाने ती जाणीव बिघडते, हेही प्रयोगात दिसलं आहे. पण तो गोंगाट मोबाइलचा नव्हे. का नव्हे, हे कळायला आधी हे होकायंत्र पक्ष्याच्या अंगात कुठे बसलंय ते पाहावं लागतं. वाटेत थोडं क्वांटम भौतिक लागेल. त्यात गणित नाही, काळजी नको.

मोठे पक्षी वाट दाखवत असतील की!

काही पक्ष्यांच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. हंस आणि क्रौंच कुटुंबकबिल्याने उडतात आणि पिल्लं मोठ्यांच्या मागे राहून रस्ता शिकतात. पण चातकाचं काय? चातकाची मादी अंडं घालते सातभाईच्या घरट्यात. सातभाई जन्मभर त्याच बाभळी-बोरींच्या पट्ट्यात कलकलाट करत फिरणार. तालुक्याची हद्दही ओलांडायचे नाहीत. त्यांनी भरवून मोठं केलेलं चातकाचं पिल्लू मात्र पावसाळा सरला की आफ्रिकेच्या दिशेने निघतं. जन्मदात्यांशी त्याची गाठ नाही आणि पोसणाऱ्यांना आफ्रिका ठाऊक नाही. म्हणजे कुठल्या दिशेला जायचं, हे ते पिल्लू अंड्यातूनच घेऊन येतं.

जन्मजात काय आणि शिकलेलं काय, याची फोड करणारा एक जुना आणि फार सुंदर प्रयोग आहे. पेरडेक नावाच्या डच शास्त्रज्ञाने हेग शहराजवळ शरद ऋतूत स्थलांतराच्या वाटेवरचे सुमारे ११,००० स्टार्लिंग पकडवले. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीचे युरोपातले भाऊबंद. हे पक्षी एरवी नैर्ऋत्य-पश्चिमेकडे उडत उत्तर फ्रान्स आणि दक्षिण इंग्लंडमध्ये हिवाळा काढतात. पेरडेकने त्यांच्या पायात कडी घातली, विमानाने स्वित्झर्लंडला नेलं आणि तिथे सोडून दिलं. पूर्वी एकदा तरी प्रवास केलेले प्रौढ पक्षी वळले आणि वायव्येला, आपल्या नेहमीच्या मुक्कामाकडे गेले. पहिल्यांदाच निघालेली तरुण पोरं मात्र हेगहून जी दिशा धरली असती तीच धरून उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स-स्पेनमध्ये जाऊन पोहोचली. १९५८ साली हे निष्कर्ष छापून आले. दिशा उपजत असते. आपण आत्ता कुठे आहोत हे ज्ञान प्रवासातून येतं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की पुढचं बरंच सोपं होतं.

दिशा कळते ती चुंबकत्वानेच, हे कशावरून?

सूर्य आहे, तारे आहेत, डोंगर-नद्या आहेत. पक्षी हे सगळं वापरतात, त्यात वाद नाही. म्हणून हे सगळं काढून घेतल्यावर काय होतं, ते बघावं लागलं.

हे काम जर्मनीत फ्रँकफर्टला मेर्केल आणि वोल्फगांग विल्ट्श्को यांनी साठच्या दशकात केलं, युरोपीय रॉबिनवर. हा रॉबिन म्हणजे आपला दयाळ नव्हे. छातीवर नारिंगी रंगाचा, मुठीत मावेल एवढा हा पक्षी आपल्या थिरथिऱ्याच्याच कुळातला. स्थलांतराचा हंगाम आला की पिंजऱ्यातला रॉबिनही रात्री अस्वस्थ होतो आणि ज्या दिशेला जायचं, त्या बाजूला उड्या मारत राहतो. ही अस्वस्थता मोजायला एम्लेन पिता-पुत्रांनी १९६६ मध्ये एक बिनखर्चाचं साधन काढलं: नरसाळ्याच्या आकाराचा पिंजरा, तळाला शाईचा पॅड, उतरत्या भिंतींना टिपकागद. पक्षी उडी मारतो, उतारावरून घसरतो, पुन्हा उडी मारतो. सकाळी कागद सोडवला की एका बाजूला काळ्या पावलांचा गिचमिड पट्टा आणि उरलेला कागद जवळजवळ कोरा. पुढे शाईऐवजी टाइपरायटरच्या चुका खोडायचा पांढरा कागद लावायला लागले. त्यावर नखांचे ओरखडे मोजता येतात.

खोली बंद. सूर्य नाही, तारे नाहीत. भोवती तांब्याच्या तारांची मोठी वेटोळी. त्यांतून वीज सोडली की खोलीतली चुंबकीय उत्तर हवी तिकडे फिरवता येते. उत्तर फिरवली की कागदावरचा पट्टाही तेवढाच फिरला.

पण या होकायंत्राला उत्तर-दक्षिण कळत नाही

इथे एक छोटा घरगुती प्रयोग करून बघण्यासारखा आहे. शिवणाची सुई घ्या, मध्यावर दोरा बांधा आणि ती अगदी आडवी राहील असा तोल साधा. मग तिच्यावरून लोहचुंबक एकाच दिशेने दहा-वीसदा फिरवा आणि पुन्हा टांगा. सुई उत्तर-दक्षिण होईल हे शाळेत शिकवलंय. पण तोल नीट साधलेला असेल तर तिचं उत्तरेकडचं टोक खालीही झुकतं. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर नसतात, तिरप्या जमिनीत शिरतात. या तिरपेपणाला नती म्हणतात. पुण्यात ती २५ अंशांच्या आसपास आहे. जर्मनीत ती ६५ अंशांच्या वर जाते, चुंबकीय ध्रुवावर सुई उभीच राहते, आणि तमिळनाडूत तिरुनेलवेलीच्या परिसरात ती जवळपास आडवी होते, कारण चुंबकीय विषुववृत्त तिथूनच जातं.

१९७२ मध्ये वोल्फगांग आणि रोस्विता विल्ट्श्को यांनी दाखवलं की रॉबिन ही नती वाचतो, उत्तर-दक्षिण नाही. वेटोळ्यांनी चुंबकीय रेषेचा बाण पूर्ण उलटा केला, म्हणजे उत्तरेची दक्षिण केली पण रेषेचा कल तोच ठेवला, तर आपलं होकायंत्र गर्रकन फिरेल. रॉबिनला ढिम्म फरक पडला नाही. फक्त वर-खालचा भाग उलटा केला, म्हणजे रेषा जिकडे झुकते ती बाजू बदलली, तर तो पाठ फिरवून उलट दिशेला उड्या मारू लागला. त्याला कळतं ते एवढंच: रेषा झुकतेय ती बाजू ध्रुवाची आणि दुसरी विषुववृत्ताची.

यावर लगेच शंका येते: मग विषुववृत्त ओलांडल्यावर काय? तिथे नती शून्य, आणि पलीकडे ‘विषुववृत्ताकडे’ या शब्दाचाच अर्थ उलटा. बरोबर, पूर्ण आडव्या क्षेत्रात रॉबिन खरंच गोंधळतात. पण १९९२ मध्ये आफ्रिकेत जाणाऱ्या गार्डन वॉर्बलर या वटवट्यांना काही काळ आडव्या क्षेत्रात ठेवून परत मूळ क्षेत्रात आणलं, तेव्हा त्यांनी आपली दिशा उलटी केली. आधी विषुववृत्ताकडे जात होते, ते आता ध्रुवाकडे जाऊ लागले. सपाट रेषेचा अनुभव हाच त्यांना ‘आता नियम बदला’ असं सांगत असावा. नागालँड-मणिपूरमध्ये उतरून, महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडत दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या अमूर ससाण्यांनाही हे चुंबकीय विषुववृत्त वाटेत लागतंच.

चोचीत लोखंड असतं, असं वाचलं होतं

वाचलं असेल. बरीच वर्षं तसंच छापलं जात होतं, आणि अजूनही काही ठिकाणी छापलं जातं. कबुतराच्या वरच्या चोचीत लोहकण असलेल्या पेशी सापडल्या होत्या आणि त्या चुंबकीय चेतापेशी असाव्यात असं मानलं गेलं. अंदाज वाह्यात नव्हता. काही जिवाणूंच्या पोटात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाच्या कणांची माळ खरोखरच असते आणि ते तिच्या आधाराने चुंबकीय रेषेवर पोहतात.

व्हिएन्नात डेव्हिड कीज यांच्या गटाने कबुतरांच्या चोचींचे पातळ काप करून या पेशी मोजल्या. एकसारख्या कबुतरांत त्यांची संख्या कुठे शेकड्यात, तर कुठे हजारोंच्या घरात. जिथे संसर्ग झाला होता, तिथे तर त्यांची झुंबड. इंद्रिय असं नसतं. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की या चेतापेशी नाहीतच. शरीरातला कचरा आणि मेलेल्या लाल पेशींतलं लोह गोळा करणाऱ्या भक्षक पेशी आहेत. वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकात बसलेली गोष्ट एका चिकाटीच्या मोजणीने उठवली. मला स्वतःला या सगळ्या विषयातला हा भाग सर्वांत आवडतो.

मग डोळाच का?

संशय डोळ्यावर आला तो रंगांमुळे. निळ्या-हिरव्या प्रकाशात रॉबिन आपली दिशा बरोबर धरतात. फक्त लाल प्रकाश ठेवला की भरकटतात. लोखंडाच्या कणाला प्रकाशाच्या रंगाशी काय देणंघेणं? दुसरा पुरावा मेंदूतला. मेंदूच्या दृष्टी सांभाळणाऱ्या भागातला ‘क्लस्टर एन’ नावाचा पट्टा रात्री चुंबकीय दिशा शोधताना कामात असतो. २००९ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या गटाने तो निकामी केला तेव्हा रॉबिनना तारे आणि सूर्यास्त पाहून दिशा कळत होती, पण चुंबकीय दिशा कळेना. चोचीकडून येणारी नस तोडली, तरी या होकायंत्राचं काही बिघडलं नाही.

डोळ्यात प्रकाशाने जागं होणारं एक प्रथिन आहे, क्रिप्टोक्रोम. वनस्पतींत ते आहे, आपल्या शरीराच्या घड्याळातही त्याचे भाऊबंद आहेत. पक्ष्यांत त्याचे अनेक प्रकार सापडतात. त्यातला चौथा, क्रिप्टोक्रोम-४, रॉबिनच्या डोळ्यातल्या पडद्यावर असतो, आणि स्थलांतराच्या हंगामात त्याचं प्रमाण वाढतं. कोंबडीत हंगामानुसार अशी वाढ दिसत नाही. कोंबडीला कुठे जायचंय म्हणा!

रात्री उडणाऱ्या पक्ष्याला प्रकाश कुठून मिळणार, असं कुणी म्हणेल. अमावस्येलाही आभाळ पूर्ण काळं नसतं. प्रयोगशाळेतले रॉबिनही अगदी मंद उजेडातच दिशा धरतात.

एवढंसं चुंबकत्व रसायन कसं बदलेल?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो भौतिकशास्त्रज्ञांनीच घेतला होता. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र फ्रिजच्या दारावर चिकटवायच्या चुंबकापेक्षा साधारण शंभर पटींनी दुबळं. शरीरातल्या उष्णतेने रेणू सतत थरथरत असतात. त्या थरथरीच्या ऊर्जेपुढे या क्षेत्राचा एखाद्या इलेक्ट्रॉनवरचा परिणाम लाखो पटींनी कमी. मग रासायनिक क्रिया त्याची दखल का घेईल?

पुणे स्टेशनच्या यार्डातला सांधा डोळ्यासमोर आणा. शंभरेक टनांचं इंजिन माणसाने ढकलून हलणार नाही. पण इंजिन येण्याआधी सांधा थोडा सरकवला, तर तेच इंजिन लोणावळ्याच्या ऐवजी दौंडकडे जातं. सांधेवाल्याने गाडी ओढलेली नसते. ओढायची ताकद इंजिनाची. त्याने फक्त गाडी सांध्यावर पोहोचण्याआधी रूळ बदललेले असतात. आणि गाडी पुढे गेल्यावर सांधा हलवून काही उपयोग नसतो.

पक्ष्याच्या डोळ्यात इंजिनाची ताकद प्रकाशाकडून येते. निळ्या प्रकाशाचा एक कण क्रिप्टोक्रोमवर पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून प्रथिनात चार उड्या मारत दूर जातो. मागे एक एकटा इलेक्ट्रॉन राहतो आणि पुढे एक एकटा. अशा दोन एकट्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीला मूलक-जोडी म्हणतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन अंगभूतपणे एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. या गुणाला स्पिन असं नाव आहे. जोडीतल्या दोघांचे स्पिन परस्परविरुद्ध तरी असतात किंवा एकमेकांना अनुरूप, आणि थोड्या काळासाठी जोडी या दोन अवस्थांमध्ये हेलकावत राहते. ही अवस्था दोन स्वतंत्र इलेक्ट्रॉनांची नसते, दोघांची मिळून एक असते. क्वांटम म्हणतात ते हेच.

हेलकावे चालू असतात तोवर रूळ ठरलेले नसतात. जोडी एका अवस्थेत सापडली तर इलेक्ट्रॉन मागे परततो आणि सगळं पूर्ववत होतं. दुसऱ्या अवस्थेत सापडली तर प्रथिनाचा आकार बदलतो आणि पेशीत निरोप जातो. पृथ्वीचं दुबळं चुंबकीय क्षेत्र एवढंच करतं की हेलकाव्यांचा ताल जरासा बदलतं, आणि तो बदल रेणू कुठल्या कोनात बसलाय यावर अवलंबून असतो. डोळ्याच्या गोल पडद्यावर हे रेणू वेगवेगळ्या कोनांत बसलेले. म्हणून कुठे निरोप जास्त जातील, कुठे कमी. पक्ष्याने मान वळवली की हा जास्त-कमीचा आराखडा पडद्यावर सरकेल. प्रत्यक्ष त्याला काय दिसतं, हे त्याला विचारता येत नाही. दृश्यावर पडलेली एखादी फिकट सावली असावी, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. आणि या पद्धतीत रेषेचा कल कळतो पण बाणाचं टोक कळत नाही. म्हणजे १९७२ साली रॉबिन जसे वागले, अगदी तसंच.

ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस शुल्टेन यांनी १९७८ मध्ये मांडली, तेव्हा कुणी फारशी मनावर घेतली नाही. क्रिप्टोक्रोमचं नाव जोडून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ती २००० मध्ये पुन्हा मांडली, आणि मग चक्रं फिरली. आपल्याकडे पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, आणि क्वांटम संगणकाच्या बातम्या आता रोजच्या झाल्यात. त्यातल्या काही संगणकांना काम करायला शून्याखाली २७० अंशांहूनही जास्त गारठा लागतो. पक्ष्याच्या डोळ्यात मात्र चाळीसेक अंशांच्या ऊबेत, एखादा मायक्रोसेकंद का होईना, तो नाजूक ताल टिकावा लागतो.

मुंबईची ट्राम आणि ओल्डेनबुर्गचे रॉबिन

या कल्पनेतून एक भाकीत निघतं. स्पिनचा ताल बिघडवायचा तर त्याच्या वेगाशी जुळणारी रेडिओ लहर पुरे. ती बरीच क्षीण असली तरी चालते. लोखंडाच्या कणावर असल्या झपाट्याने हेलकावणाऱ्या लहरीचा काही परिणाम होणार नाही. २००४ मध्ये फ्रँकफर्टच्या रॉबिनवर काही मेगाहर्ट्झच्या क्षीण लहरी सोडल्या, आणि ते भरकटले.

त्याच सुमारास ओल्डेनबुर्ग विद्यापीठात हेन्रिक मौरित्सेन वैतागले होते. तेच पक्षी, तेच पिंजरे, तीच रीत. पण त्यांच्या आवारात रॉबिन दिशाच धरेनात. शेवटी लाकडी खोल्यांना आतून ॲल्युमिनियमचे पत्रे लावून त्यांना अर्थिंग दिलं. पृथ्वीचं स्थिर चुंबकत्व पत्र्यातून आरपार येतं, रेडिओ गोंगाट अडतो. पक्षी लगेच सरळ झाले. अर्थिंगची तार काढली, पुन्हा गोंधळ. गावाबाहेर, विजेच्या उपकरणांपासून दूर, पत्र्याशिवायही त्यांना दिशा कळत होती. मोजणाऱ्याला तार जोडलेली आहे की नाही हे माहीत नसेल अशी व्यवस्था ठेवून काही वर्षं हे तपासलं आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं.

अशीच अडचण आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी आली होती, फक्त पक्ष्यांऐवजी उपकरणांना. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ती बिघडणार हे उघड होतं. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. लोखंड टाळून बांधलेली ती इमारत १९०४ पासून काम करते आहे. मूस यांना जागा बदलता आली. स्थलांतर करणाऱ्या रॉबिनला शहर चुकवता येतंच असं नाही.

म्हणजे टॉवरचं म्हणणं खरंच की!

इथे लहरींचे आकडे बघावे लागतात. ओल्डेनबुर्गला त्रास देणारा गोंगाट होता काही किलोहर्ट्झपासून सुमारे ५ मेगाहर्ट्झपर्यंतचा. मीडियम वेव्ह रेडिओ याच पट्ट्यात येतो. आपलं आकाशवाणी पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागतं. तऱ्हेतऱ्हेची विजेची उपकरणंही इथेच कुरकुरत असतात. वरची मर्यादा शोधायला याच गटाने पुढे ब्लॅककॅप नावाच्या वटवट्यावर प्रयोग केले. ७५ ते ८५ मेगाहर्ट्झच्या लहरींनी तो भरकटला. १४० ते १५० आणि २३५ ते २४५ मेगाहर्ट्झच्या लहरींचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. मूलक-जोडीच्या गणिताने ही सीमा ११६ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. मोबाइलच्या लहरी सुरूच होतात ७०० मेगाहर्ट्झच्या पुढे आणि फाइव्ह-जीच्या हजारोंत जातात. त्या लहरींचा ताल आणि स्पिनचा ताल यांचा मेळच बसत नाही.

हेगचंही ऐका. पेरडेकने स्टार्लिंग पकडले ते हे शहर. २०१८ च्या शरद ऋतूत तिथल्या एका बागेत शेकडो स्टार्लिंग मरून पडले आणि जगभर बोंब झाली की फाइव्ह-जीच्या चाचणीने मेले. चाचणी जूनमध्ये होऊन गेली होती. आपल्याकडे फिरणाऱ्या मेसेजांत ते हेग अजूनही सापडतं.

चिमणीचं तर काहीच जमत नाही. ती स्थलांतर करत नाही. तिला गल्लीबाहेर जायचं नसतं, आणि होकायंत्राच्या बिघाडाने ती नाहीशी होईल कशी? कौलं आणि वळचणी गेल्या, पिल्लांना भरवायला किडे उरले नाहीत, हे तिचं दुखणं. गच्चीवरच्या टॉवरविरुद्ध इतर मुद्दे असतील तर सभेत जरूर मांडा. पक्ष्यांच्या होकायंत्राला त्यात ओढू नका.

होकायंत्र आहे, पण नकाशा?

पुण्याच्या जुन्या पेठांत कबुतरं उडवणारे सांगतील की मुरलेलं कबूतर लांबून सोडलं तरी संध्याकाळपर्यंत खुराड्यात परत येतं. अमेरिकेत विल्यम कीटन यांनी १९७१ मध्ये कबुतरांच्या पाठीवर चुंबक चिकटवून त्यांना सोडलं. स्वच्छ उन्हात ती बिनघोर घरी आली; ढगाळ दिवशी मात्र भरकटली. सूर्य असेल तर सूर्य, नसेल तर चुंबकत्व, ओळखीचा भाग आला की रस्ते आणि वास. एक साधन बिघडलं की दुसरं हाताशी. पक्षी अधूनमधून भरकटत असले तरी सरसकट हरवत नाहीत, याचं कारण हेच.

पण घर कोणत्या दिशेला आहे हे कळायला आधी ‘मी कुठे आहे’ हे कळावं लागतं, आणि त्यातही चुंबकत्वाचा हात दिसतो. युरोपातला रीड वॉर्बलर हा वटवट्या बाल्टिक किनाऱ्यावरून १,००० किलोमीटर पूर्वेला नेऊन सोडला, तरी चूक ओळखून दिशा सुधारतो. चोचीकडची नस तोडलेल्यांना ते जमलं नाही. ते जणू कुठे नेलेच नाहीत अशा बेताने निघाले. २०१७ मध्ये याच पक्ष्यांभोवती खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला कोन, म्हणजे दिक्पात, फक्त साडेआठ अंशांनी बदलला. बाकी सगळं जिथल्या तिथे. अनुभवी पक्ष्यांनी असा मोहरा वळवला, जणू त्यांना स्कॉटलंडला नेऊन ठेवलंय. जागेची ही जाणीव कुठल्या इंद्रियात आहे, ते अजून हाती लागलेलं नाही. लोहाच्या पेशी बाद झाल्या, पण चोचीची नस काहीतरी नेते आहे खास. कबुतराच्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाशी जोडलेल्या मेंदूपेशीही चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतात, असं २०१२ मध्ये दिसलं. एकाच पक्ष्यात दोन किंवा तीन चुंबकीय इंद्रियं असणं अगदी शक्य आहे.

माणसात आहे का? २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात काही लोकांच्या मेंदूच्या लहरींत चुंबकीय क्षेत्र फिरवल्यावर फरक नोंदला गेला. त्यावर वाद चालू आहे. सिंहगडावर धुकं उतरलं की आपल्याला पार्किंग सापडत नाही, हा माझा पुरावा.

मग गाडं कुठे अडलंय?

२०२१ मध्ये ऑक्सफर्डचे पीटर होर आणि ओल्डेनबुर्गचे मौरित्सेन यांच्या गटांनी रॉबिनचं क्रिप्टोक्रोम-४ जिवाणूंकडून बनवून घेतलं आणि काचपात्रात तपासलं. ते चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतं, आणि कोंबडी-कबुतराच्या प्रथिनापेक्षा जास्त. इलेक्ट्रॉनच्या चार उड्यांची साखळी तोडली की प्रतिसादही बदलतो. बातम्यांत ‘कोडं सुटलं’ असे मथळे आले. पण या मोजणीत वापरलेलं क्षेत्र पृथ्वीच्या शेकडो पट होतं, आणि काचपात्र म्हणजे डोळा नव्हे. पृथ्वीएवढ्या क्षेत्रात, जिवंत डोळ्यात, योग्य कोनात बसलेल्या रेणूवर हे दाखवायचं राहिलंय. त्याहून निर्णायक प्रयोग म्हणजे क्रिप्टोक्रोम-४ नसलेला रॉबिन वाढवून त्याला नरसाळ्यात ठेवणं. उंदरांत एखादं जनुक काढणं आता रोजचं झालंय, पण रात्री स्थलांतर करणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यात ते करणं फार अवघड.

फळमाशीत असा प्रयोग झाला होता. क्रिप्टोक्रोम काढलेल्या माश्यांना चुंबकीय क्षेत्र कळत नाही, असं २००८ मध्ये छापून आलं आणि क्रिप्टोक्रोमच्या बाजूने ते सतत सांगितलं जाई. २०२३ मध्ये ९७,६५८ माश्या वापरून तो प्रयोग पुन्हा केला गेला. साध्या, काहीच न काढलेल्या माश्यांनाही चुंबकत्व जाणवत असल्याची खूण मिळाली नाही. हा निकाल छापणाऱ्यांच्या यादीत होर आणि मौरित्सेन, दोघांचीही नावं आहेत.